दवाखान्याच्या जागी कढई

माणसाने दारू सोडली तर गाव कौतुक करतं, तंबाखू सोडला तर निदान बायको तरी कौतुक करते. पण डॉक्टरकी सोडली तर कुत्रंही शेपूट हलवत नाही, हा माझा जाहीर अनुभव आहे. मेडशीच्या बसस्टँडसमोर मी बरीच वर्षं दवाखाना चालवला. मग एका सकाळी मी ठरवलं, की दवाखाना बंद करायचा आणि त्याच गाळ्यात नाश्त्याचं हॉटेल टाकायचं. कचोरी, आलुबोंडा, पोहे आणि जिलेबी. यात कुणाचं काय जात होतं, हे मला तेव्हा खरोखरच माहीत नव्हतं.

कारण विचाराल तर ते अगदी साधं होतं. दवाखान्यात हसत कुणी येत नाही. येणारा कण्हत येतो, खोकत येतो, पोट धरून येतो, आणि बरा झाला की माझं तोंड पाहत नाही. रस्त्यात दिसलाच तर मोबाइल कानाला लावून वाट बदलतो, कारण मी साखर तपासली का म्हणून विचारणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माझी बसायची खोली आत होती. तिला रस्त्याच्या बाजूने एक झरोका होता, आणि त्या झरोक्यातून समोरच्या मुन्नाच्या हॉटेलातला तळणाचा वास आणि लोकांचं खिदळणं दिवसभर आत यायचं. मी इकडे कुणाच्या तरी छातीला नळी लावून बसलेलो आणि तिकडे कुणीतरी पोट धरून हसतोय. पोट धरूनच, पण हसतोय! मी खुर्चीत चुळबुळ करायचो, उठायचो, वजनकाट्यावर उभा राहायचो, पुन्हा बसायचो. आपल्याकडेही कुणीतरी आनंदाने यावं असं मला फार वाटायला लागलं होतं. बस, एवढंच.

पेशंटांची सोय मी आधी लावली. शेजारच्या आळीत डॉ. वर्षाराणी नावाच्या तरुण बाई नव्यानेच बसू लागल्या होत्या, त्यांच्या हाती सगळं सोपवलं. त्या माझ्यापेक्षा हुशार आहेत आणि त्यांचं अक्षरही वाचता येतं. म्हणजे गाव काही वाऱ्यावर पडलं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा सपना, म्हणजे माझी बायको, शाळेचे पेपर तपासत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुमाले चहा तरी करता येते का?"

"येतो की."

"मांगच्या रविवारी केल्ता तवा गंज घासाले दोन दिवस लागले." गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं. मग तिने लाल पेनाने एका पोराचं गणित खोडलं आणि म्हणाली, "करा. पण माह्या स्वयंपाकघरात शिकू नका." हा विषय तिच्यापुरता संपला. बायकोचा असा पाठिंबा मिळायला नशीब लागतं.

बाबांचं मात्र तसं नव्हतं. माझे वडील इंद्रभान एस.टी.त ड्रायव्हर होते. आमच्या अख्ख्या भावकीत डॉक्टर झालेला मी पहिला. दवाखान्याच्या बोर्डावर माझ्या नावामागे त्यांचं नाव होतं, आणि रिटायर झाल्यावरही ते रोज बसस्टँडवर जाऊन तो बोर्ड वाचून येत. मी हॉटेलचं बोललो तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्या गाडी हाकली ते तू कढई ढवळाव म्हून?"

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायचे, पण मायमार्फत. आम्ही तिघं एकाच ताटाएवढ्या अंतरावर जेवायला बसलेलो, आणि बाबा मायला म्हणणार, "चंपे, त्याले सांग, भाजीत मीठ कमी हाये." माय माझ्याकडे वळून म्हणणार, "बाबा म्हंतेत मीठ कमी हाये." मी म्हणणार, "माय, त्यांना सांग, बीपी आहे, तेवढंच घ्यायचं." माय त्यांच्याकडे वळणार. असं करता करता तिचं अन्न थंड व्हायचं. शेवटी एक दिवस ती ताट घेऊन शेजारी जेवायला गेली.

आता गावाचे सल्ले. रामराव म्हणजे गावातले मोठे कास्तकार, शेत भरपूर आणि रक्तातली साखर त्याहून भरपूर. ते घरी येऊन अगदी जिव्हाळ्याने बसले. "डाक्टर, हॉटेल टाकाच असंन तं मालेगावले टाका."

म्हटलं, गाळा इथं आहे.

"मंग वाशीमले टाका. मोठं गाव हाये."

म्हटलं, रोज जाणं-येणं होणार नाही.

"मंग अकोल्याले टाका ना! ना तं नागपूरले! तुमच्यासारख्या शिकल्या माणसानं मेडशीत काहून सडाव?" मला हा माणूस माझ्या प्रगतीसाठी झटतोय असं वाटून भरून आलं होतं. माणसाने एवढंही भोळं असू नये.

मग ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र. ग्रामसेवकांनी माझा अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली. "साहेब, पत्र ना-हरकत हाये, पण लोकायची तं हरकत हाये," ते म्हणाले. कोणाची, कसली, हे काही सांगेनात. पुढल्या खेपेला गेलो तर म्हणाले कंबर धरली आहे, खाली वाकता येत नाही, आणि शिक्का नेमका खालच्या कप्प्यात आहे. मी त्यांना टेबलावर पालथं झोपवून कंबर तपासली, व्यायाम दाखवला. दुसऱ्या कारकुनाची मान पाहिली. शिपायाचा कान पाहिला. सेतू केंद्रात खाद्यपदार्थांच्या परवान्यासाठी गेलो तर संगणकावरच्या राखीताईंनी शिक्षणापुढे माझी पदवी भरली, व्यवसायापुढे 'हॉटेल' भरलं, आणि स्क्रीनकडे पाहत हळूच म्हणाल्या, "सर, घरी सगळं ठीक हाये ना?" मग त्यांनीही तपासायला जीभ पुढे केली. दवाखाना चालू असताना मी दिवसाला जेवढे पेशंट बघत नव्हतो, तेवढे मी तो बंद करण्याच्या परवानग्यांपायी पाहिले, आणि तेही फुकट. शिक्का मात्र शेवटी खालच्या कप्प्यातून वर आला.

बोर्ड रंगवायला मानोऱ्याकडच्या तांड्यावरून किसनसिंग पेंटरला बोलावलं. तो रंगाचे डबे घेऊन बसने आला, दिवसभर शिडीवर बसला, आणि संध्याकाळी मी खालून बोर्ड पाहिला. त्यावर लिहिलं होतं: 'डॉ. अश्वजित इंद्रभान, नाश्ता सेंटर. वेळ सकाळी ९ ते १, सायंकाळी ५ ते ८. रविवार बंद.' दोन्ही कोपऱ्यांत लाल अधिकचं चिन्ह होतं, आणि खाली बारीक अक्षरात 'सलाईनची सोय'.

"किसनसिंग, हे काय?"

"साहेब, जुना बोर्ड समोर ठेवून केलं. एक शब्द तेवढा बदलला. तुमीच बोलले होते ना, साधं ठेव म्हून?" त्याने सलाईन खोडून तिथे जिलेबी केली. लाल चिन्हं पुसली तरी ऊन पडलं की खालून दिसायची.

उद्घाटन ठरलं. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली, माझ्या मायने मेणबत्ती लावली, जमलेल्या सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही हे तर सगळ्यांनी मिळून फारच खणखणीत आवाजात म्हटलं. आमच्या समाजाचे नव्हते तेही हात जोडून उभे होते. बाबा आले नाहीत. मग मी कचोऱ्यांची परात पुढे केली.

एकही हात पुढे आला नाही.

"घ्या ना, रामराव."

"डाक्टर, तुमीच तं तेल बंद केलं माह्यं."

"गोजराबाई, तुम्ही?" या रामरावांच्या घरच्या.

"माह्यं मीठ बंद हाये ना बापा. आन् मैदा बी. तुमीच सांगतलं."

माझ्या जुन्या पेशंट धुरपताबाईंचं गोड मी बंद केलं होतं, त्यांच्या मुलाचं तिखट, व्याह्यांचं बेसन. मी परात घेऊन लग्नातल्या वाढप्यासारखा एकेकापुढे फिरत होतो, आणि जो तो मला माझंच वाक्य ऐकवत होता. त्या क्षणी मला उमगलं की इतक्या वर्षांत या गावात तेल, तूप, साखर, मीठ, मैदा यांपैकी कुणाला ना कुणाला मी बंद केली नाही अशी एकही वस्तू उरलेली नाही. जगात आजवर कुठल्या हॉटेलवाल्याने दुकान उघडायच्या आधी आपलं गिऱ्हाईक एवढ्या मन लावून मोडून काढलं नसेल! शेवटी गोजराबाईंना दया आली. त्यांनी एक कचोरी पदरात बांधून घेतली आणि विचारलं, "हे जेवणाआधी घ्याची का जेवल्यावर?"

माझ्याही काही सवयी नडल्या, ते मान्य करतो. मी कोपरापर्यंत हात धुऊन, रबरी मोजे घालून, तोंडाला मास्क लावून कढईपुढे उभा राहायचो. येणाऱ्याला वाटायचं, आत कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय. गाळ्याच्या भिंतीतून स्पिरिटचा वास जाईना, आणि मुलं म्हणायची कचोरी सुईसारखी लागते. जिलेबी तर हाताला येतच नव्हती. पहिली जिलेबी तळून बाहेर काढली ती थेट लहान आतड्यासारखी दिसत होती. मी ती बराच वेळ कौतुकाने पाहत बसलो, कारण आकृती अगदी बरोबर होती.

त्यातून एखादा परगावचा प्रवासी गाडी थांबली म्हणून येऊन बसलाच, तर माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जायची. एक बिचारा आलुबोंडा तोंडात घालणार तेवढ्यात मी म्हणालो, "घोट्यावर सूज किती दिवसांपासून आहे?" त्याने आलुबोंडा बशीत ठेवला, स्वतःच्या पायाकडे पाहिलं, आणि पांढरा पडून बसमध्ये जाऊन बसला. दुसऱ्याला मी म्हटलं, जरा डोळे वर करा. तो वर करूनच निघून गेला. मी स्वतःला शपथ घातली की गिऱ्हाइकाच्या शरीराकडे बघायचं नाही. मग मी छताकडे बघत कचोरी वाढू लागलो, आणि गावात बातमी पसरली की डॉक्टरांच्या डोक्यावर परिणाम झाला.

दिवसभर मी त्या गाळ्यात येरझारा घालायचो. फडकं उचलायचो, ठेवायचो, बाक पुसायचो, तोच बाक पुन्हा पुसायचो. संध्याकाळी उरलेला माल घरी न्यायचो. सपना म्हणायची, "आज बी कचोरी?" आणि डब्यात भरून शाळेत घेऊन जायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला फार वाईट वाटत होतं. हसत येणाऱ्यांसाठी मी पाटी बदलली, आणि आता कण्हत येणारेही येईनासे झाले होते.

आता समोर मुन्ना. मी दिवसभर कढईपाशी, म्हणजे अगदी रस्त्यावर तोंड करून उभा असायचो, त्यामुळे त्याचं हॉटेल मला पूर्ण दिसायचं. एक गोष्ट मला चैन पडू देईना. मुन्नाचे बाकही रिकामेच असायचे. दोन प्रवासी, एक चहा, संपलं. पण त्याची कढई मात्र क्षणभर थंड होत नव्हती. कचोऱ्यांच्या पराती भरून आत जायच्या आणि रिकाम्या बाहेर यायच्या. तेलाची पिंपं उतरत होती. माणूस एक नाही आणि माल गायब! मी आधी त्याचा काही सोयाबीनच्या मजुरांना डबे पोचवायचा धंदा असेल असं समजून घेतलं. मग म्हटलं, आपल्याला काय करायचंय? मग फडकं उचललं, ठेवलं, बाक पुसला. शेवटी एके दुपारी राहवेना. झारा तसाच हातात घेऊन मी रस्ता ओलांडला.

मला येताना पाहून मुन्ना जागचा उठला. "डाक्टरसाब! आप? बैठो ना, चाय लाव क्या?" आणि एकदम मोठ्याने ओरडला, "डाक्टरसाब आए! डाक्टरसाब!" स्वागत म्हणून हा आवाज फारच मोठा होता. त्याच्यामागे एक पडदा होता. पडद्यापलीकडे चाललेला गलका कुणी बटण दाबल्यासारखा बंद पडला. मी पडदा बाजूला केला.

आत एक लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना बाक, मागे गल्लीत उघडणारं दार, आणि बाकांवर माझे सगळे पेशंट! रामरावांच्या दोन्ही हातांत कचोरी. ग्रामसेवक इतके वाकून भजे उचलत होते की त्यांच्या कमरेला काहीही झालेलं नव्हतं हे उघड होतं. धुरपताबाईंच्या बशीत पाकात बुडालेली जिलेबी. सगळ्यांची तोंडं भरलेली, आणि एकही जबडा हलत नव्हता.

"डाक्टर," रामराव घास गालात ढकलून म्हणाले, "म्या नुस्ता बसलो व्हतो."

मुन्ना मागे येऊन हात जोडून उभा होता. "साब, ये कमरा आपकीच मेहरबानी हाये. आपला दवाखाना समोर, लोक समोर बसायले भेत होते. म्हून मांगं बांधलं. तुमी आत बसत होते तवर कोणी बी रस्त्यानं यायचं. आता तुमी दिवसभर बाहेरच उभे राह्यता, तं गल्लीतून यावं लागते सगळ्यायले, चिखलातून."

म्हणजे रामरावांना माझं हॉटेल नागपूरला का हवं होतं ते कळलं. ग्रामसेवकांना कुणाची हरकत होती तेही कळलं. आणि माझा डॉक्टर म्हणून आणि हॉटेलवाला म्हणून एकाच वेळी अपमान झाला होता. माझं पथ्य कुणी पाळलं नव्हतं, आणि ते पथ्य मोडायलाही कुणी माझ्याकडे येत नव्हतं! मी काहीतरी जळजळीत बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावर पाठमोरा बसलेला माणूस मला दिसला. पांढरी टोपी, खाकी रंगाचा जुना स्वेटर. पुढे बशी, बशीत जिलेबी.

"बाबा?"

इंद्रभान ड्रायव्हर हळूच वळले. मिशीला पाक लागला होता. इतके दिवस मायमार्फत बोलणारा माणूस, आणि आता मध्ये माय नव्हती.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"तू दवाखान्याचा बोर्ड लावला तवापासून," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही रोज बसस्टँडवर बोर्ड वाचायला नाही, तर..."

"बोर्ड बी वाचाचो. मंग जिलेबी खायचो. दोन्ही खरं हाये." ते बशीकडे पाहत बोलत होते. "डाक्टर पोरगा पाह्यजेच व्हता मले. त्याचा आनंद म्हून तं पहिली जिलेबी खाल्ली. मंग तूच साखर तपासली आन् बंद केली. आता बाप असून लेकराले भेतो, काय करू? म्हातारपणी चोरून खावं लागते, याची लाज वाटते बाप्पा."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. सत्तरी पार केलेला माझा बाप, ज्याने उभ्या आयुष्यात एस.टी.तली कुणाची लिमलेटची गोळीही फुकट घेतली नव्हती, तो माझ्या भीतीने चिखलातून चोरवाटेने येत होता. मला रडूच आलं असतं, पण हातात झारा धरून रडता येत नाही.

"चला," मी म्हणालो.

"कोठी?"

"आपल्या हॉटेलात."

बाबा उठले. मी त्यांचा हात धरून पुढच्या दाराने, भर रस्त्यातून त्यांना घेऊन आलो, आणि सगळ्यात पुढच्या बाकावर, बसस्टँडकडे तोंड करून बसवलं. मागोमाग अख्खी खोली आली. पण आत कुणी येईना, सगळे रस्त्यात घोळका करून उभे राहिले. मी डॉक्टर म्हणून वागतो की हॉटेलवाला म्हणून, यावर त्यांचं पुढलं सगळं अवलंबून होतं. बापाला जिलेबी दिली नाही तर पुन्हा चिखल. दिली तर इतकी वर्षं मी दिलेला सल्ला खोटा.

मी मोजे काढले, मास्क काढला. जिलेबी पाडायचं भोकाचं फडकं हातात घेतलं, पीठ कढईत सोडलं. मोज्यांशिवाय हात मोकळा होता, त्यामुळे की काय, पहिल्यांदाच वेटोळं गोल आलं. पाकातून काढून ते मी बशीत ठेवलं आणि बशी बाबांपुढे ठेवली.

"एकच?" बाबा म्हणाले.

"एकच. आठवड्यातून एकदा. आणि उद्या सकाळी उपाशीपोटी वर्षाराणींकडे जाऊन साखर तपासायची, मी येतो सोबत."

"आन् कचोरी?"

"कचोरी नाही."

बाबांनी जिलेबी उचलली. घाई केली नाही. एक बस स्टँडात शिरत होती, तिच्या ड्रायव्हरने त्यांना ओळखून हॉर्न दिला, बाबांनी जिलेबीचाच हात वर करून दाखवला. मग तुकडा मोडून तोंडात घातला. मी समोर उभा होतो. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेच्या निकालाला सुद्धा माझं एवढं काळीज धडधडलं नव्हतं.

"कशी आहे?"

बाबांनी नीट चावून गिळलं. "मुन्नाची याच्याहून चांगली राह्यते," ते म्हणाले. रस्त्यातला मुन्ना लाजला. "पण ते भेत भेत खाल्लेली. कव्हा घशाखाली उतरली समजेच ना." आणि माझ्याकडे बघून बाबा हसले. मिशीला पाक, दातांत जिलेबी, आणि तोंडभर हसू.

रामराव आत येऊन बाकावर बसले. "डाक्टर, माह्यं काय? खरं सांगा, आता लपवून काय करू?"

"अर्धी कचोरी. अर्धी गोजराबाईंना, पण चटणीशिवाय."

"आन् मले?" ग्रामसेवक म्हणाले.

"तुम्ही आधी सरळ उभे राहा."

बाक भरले. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसते पोहे, कुणाला शेजारच्याचं बघत बसायची परवानगी. भांडणं झाली, हुज्जत झाली, हसणंही झालं. धंदा म्हणाल तर काही फार झाला नाही, अर्ध्या-पाव कचोऱ्यांत कुणी मालदार होत नसतो. अंधारून आलं तेव्हा बाबा उठले, हात धुतले, टोपी सारखी केली.

दारात थांबून त्यांनी मला, मायला मध्ये न घेता, विचारलं, "अश्वजित, पुढच्या आठवड्यात येऊ ना मी?"

इतकी वर्षं येईल त्या प्रत्येकाला मी एकच निरोप देत आलो होतो, की आता पुन्हा यायची वेळ येऊ नये. दुसरं काही बोलायची जिभेला सवयच नव्हती.

"या बाबा," मी म्हणालो, "नक्की या."